अश्वशक्तीचे त्रैराशिक
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारिणीने यंदा आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा, असा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. धर्म, नीती व ज्ञातीची उन्नती या विषयांवर आमच्याहून अधिकारी माणसे येथे बसलेली आहेत. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर. मुलांना शेकडेवारी आणि त्रैराशिक शिकविण्यापलीकडे आमच्या हातून विशेष काही घडले नाही. म्हणून त्या त्रैराशिकाचीच एक हकीकत सांगतो. विषय मोटारगाडीच्या अश्वशक्तीचा आहे. परंतु त्याच्या पोटी दोन घरांचा अबोला होता. संबंधितांच्या संमतीनेच, पण नावे न घेता, आम्ही हे सांगत आहोत.

आपल्यातीलच एका गृहस्थांनी आपली वापरलेली मोटार धाकट्या चुलतभावास विकली. कंपनीच्या माहितीपत्रकात इंजिनाची शक्ती १०० अश्वशक्ती दिली होती. धाकट्यांनी हौसेने गाडी डायनामोमीटरवर नेली. या यंत्रात गाडीची चाके जमिनीतील रुळांवर ठेवून फिरवितात, आणि रूळ किती जोराने व किती वेगाने फिरले यावरून शक्ती मोजतात. आकडा आला ८२. झाले! ‘अठरा घोडे गेले कोठे? दादांनी झिजलेले इंजिन आमच्या गळ्यात मारले,’ असा बोभाटा झाला. दिवाळीस एका घरचे फराळाचे ताट दुसऱ्या घरून तसेच परत आले. शेवटी दोन्हीकडची वडील माणसे आमच्याकडे येऊन म्हणाली, ‘मास्तर, आता तुम्हीच हिशेब करा.’

प्रथम अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. जेम्स वॉट याने अठराव्या शतकात हे माप ठरविले. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. दशमान पद्धतीत ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. पूर्वी कच्चा शेर व पक्का शेर असा भेद असे, तसाच हा भेद आहे. दशमान अश्वशक्ती किंचित लहान. तिच्या १०० म्हणजे इंग्रजी ९८.६. माहितीपत्रकातील आकडा दशमान होता व डायनामोमीटरचा इंग्रजी. म्हणजे सव्वा-दीड घोडा भाषांतरातच गेला होता!

आता उरलेले घोडे. माहितीपत्रकातील शक्ती कारखान्यात इंजिनाच्या दांड्यावर मोजलेली असते. तेथून चाकापर्यंत येण्यास तिला क्लच, गिअरपेटी, डिफरन्शियल, आस, बेअरिंगे व टायर एवढा प्रवास असतो. लहानपणी आम्ही विहिरीवर मोट पाहिली आहे. विहिरीतून काढलेले सगळे पाणी वाफ्यात पोहोचत नसे. काही पाटात जिरे. गाडीतही दात दातावर घासतात, तेल घुसळले जाते, टायर दबतो व फुगतो. तेथे जिरलेली शक्ती नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. दूर चालून आलेल्या गाडीची गिअरपेटी तापलेली असते ती याचमुळे.

ही घट किती? गॅरेजांतून काही ठोकताळे रूढ आहेत. पुढील चाके ओढणाऱ्या, हाताने गिअर बदलण्याच्या गाडीस शेकडा १५ च्या आसपास धरतात. मागील चाकांच्या गाडीत लांब दांडा असतो व शक्तीस काटकोनात वळावे लागते, म्हणून घट थोडी अधिक धरतात; चारही चाके ओढणाऱ्या गाडीस त्याहून अधिक. आपली गाडी पहिल्या प्रकारची होती.

येथे आम्ही चुकलो, हे भरसभेत कबूल करतो. आम्ही ८२ चे शेकडा १५ काढले, ते १२.३ आले, ते ८२ त मिळवून ९४.३ असे उत्तर दिले, आणि ‘चार-पाच घोड्यांचा हिशेब लागत नाही’ असे बोलून बसलो. धाकट्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आले की, शेकडा १५ हे इंजिनाच्या शक्तीचे आहेत, चाकावरच्या शक्तीचे नव्हेत! ज्या चुकीसाठी आम्ही जन्मभर मुलांचे गुण कापले, तीच आम्ही केली. खरे त्रैराशिक असे: इंजिनात १०० असता चाकावर ८५, तर चाकावर ८२ असता इंजिनात किती? ८२ गुणिले १०० भागिले ८५, म्हणजे सुमारे ९६.५. मिळवायचे नाही, भागायचे. सकाळी उठून दोन्ही घरी गेलो व आपली चूक सांगून आलो.

तरीही दोन घोडे उरलेच. परंतु तो १५ चा आकडा तरी कोठे ब्रह्मलिखित आहे? १२ धरले तर ९३.२ येतात, १८ धरले तर बरोबर १००. माहितीपत्रकाचे ९८.६ या दोहोंमध्येच बसतात. शिवाय घट नेहमी शक्तीच्या प्रमाणातच असते असेही नाही. पाटात पाणी थोडे सोडा की फार, माती भिजण्यापुरते जिरतेच. उरलेले गळणे तेवढे प्रवाहाबरोबर वाढते. गाडीतही तेल घुसळण्याची घट मुख्यतः वेगावर असते, दातांच्या घर्षणाची भारावर. म्हणून कोणी इंजिनात सुधारणा करून शक्ती दुप्पट केली, तर घटही दुप्पट झाली असे मानणे चूक. टायरमधील हवा, तेलाची उष्णता, कोणत्या गिअरमध्ये मोजले, त्या दिवसाचे हवामान, यांनीही आकडा हलतो.

तात्पर्य, या हिशेबाने अंदाज बांधता येतो. कोणावर आरोप ठेवता येत नाही. मग निवाडा कसा व्हावा? मापास मापच भिडवावे. आपल्याच एका सभासदाकडे त्याच जातीची, त्याच वर्षीची गाडी होती आणि तिच्या इंजिनाविषयी कोणाची तक्रार नव्हती. आम्ही दोन्ही गाड्या एकाच सकाळी, एकाच डायनामोमीटरवर, टायरांत सारखी हवा भरून, इंजिने तापवून, एकाच गिअरमध्ये मोजविल्या. पहिलीचा आकडा पुन्हा ८२ आला, दुसरीचा ८३. येथे घट दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, म्हणून ती किती हे ठाऊक असण्याची गरजच उरली नाही. दादांचे इंजिन निर्दोष ठरले.

धाकटे तेथेच रुळांशेजारी उभे होते. काही वेळ ते बोलले नाहीत. मग दादांच्या पायांकडे वाकले. दादांनी त्यांस मध्येच धरले व म्हणाले, ‘अरे, मलाही वाटू लागले होते की आपल्याच हातून गाडीची हेळसांड झाली.’

बंधुभगिनींनो, शेकडेवारी ऐकली की प्रथम विचारावे, ‘शेकडा कशाचे?’ आणि दोन आकडे जुळले नाहीत की प्रथम विचारावे, ‘दोन्ही एकाच ठिकाणी मोजले काय?’ हे दोन प्रश्न वेळीच विचारले असते, तर ते ताट परत आले नसते. पाडव्यास त्या दोन्ही घरची पंगत एकत्र बसली, आणि पंगतीत आम्हांसही मानाचे पान मिळाले. ज्या मास्तराचे पहिले उत्तर चुकले, त्यास याहून अधिक दक्षिणा ती कोणती?