आकड्यामागची पेशी



सीबीसीचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. पांढऱ्या पेशी १२,४००, शेजारी वर जाणारा बाण. मग एका घरात 'रक्तात इन्फेक्शन आहे' असा निकाल लागतो आणि मागच्या आजारपणात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कपाटातून बाहेर निघतात. दुसऱ्या घरात त्याच आकड्याने ब्लड कॅन्सरच्या शंकेनं झोप उडते. आयुष्यभर रक्ताच्या काचपट्ट्या पाहिलेला डॉक्टर म्हणून या दोन्ही घरांशी मला आज बोलायचं आहे.

मोठ्या माणसात एक घनमिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. ही मर्यादा निरोगी लोकांच्या रक्तावरूनच ठरते, आणि ठरवतानाच दोन्ही टोकांचे काही निरोगी लोक तिच्या बाहेर राहतात. नवजात बाळाच्या रक्तात पहिल्या दिवशी २०,००० पेशी असणं स्वाभाविक आहे. गरोदरपणात १५,००० पर्यंत आकडा जातो, बाळंतपणाच्या कळांमध्ये आणखी वर. धूम्रपान करणाऱ्याचा आकडा कायम थोडा चढाच राहतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू असेल तरी तो वाढतो. म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला वय, औषधं आणि तक्रार ठाऊक असायला हवी.

दुसरं म्हणजे ही बेरीज आहे. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल अशा पाच प्रकारच्या पेशींची. एकूण आकडा सरळ दिसतो आणि आतली एखादी जमात पार ढासळलेली असते. टक्केवारीही फसवते. एकूण ३,००० पेशी आणि न्यूट्रोफिल १५ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात फक्त ४५०. हा गुणाकार घरीही करता येतो, आणि तो करावा.

इओसिनोफिलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडच्या रिपोर्टांत त्या वारंवार वाढलेल्या दिसतात. साधारण ५०० पर्यंत त्या ठीक. अ‍ॅलर्जी, दमा, पोटातले जंत, काही औषधं यांनी वाढतात. पण ३,००० च्या वर गेल्या आणि माणूस रात्री खोकून खोकून उठून बसत असेल, तर हत्तीरोगाच्या जंतूंचा विचार करावा लागतो. चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडे हत्तीरोग जुना आहे. त्या जंतूंच्या सूक्ष्म अळ्यांवर फुफ्फुसात शरीराची जी तीव्र प्रतिक्रिया उमटते, तिला ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया म्हणतात. वाइनगार्टन यांनी १९४३ मध्ये भारतातल्या रुग्णांवरूनच या आजाराचं वर्णन केलं. पाय सुजलेला नसतो, त्यामुळे हत्तीरोग कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. माणूस दम्याचा पंप ओढत राहतो, आणि खरं औषध असतं डायइथाइलकार्बामाझिनच्या गोळ्या. उलट आतड्यात स्ट्राँगिलॉइड्स जातीचे जंत असताना इओसिनोफिल दाबायला म्हणून स्टेरॉइड दिलं, तर ते जंत शरीरभर पसरून जिवावर बेततं. कारण न शोधता आकडा खाली आणायचा, हे किती घातक ठरू शकतं ते यावरून कळेल.

आता कमी झालेल्या पेशी. डेंग्यूत पांढऱ्या पेशी घटतात. मात्र गावोगावी 'पांढऱ्या पेशी कमी झाल्यात' म्हणतात तेव्हा बहुधा प्लेटलेट अभिप्रेत असतात. त्या वेगळ्या, रिपोर्टातली त्यांची ओळही वेगळी. टायफॉइड हा तर जिवाणूंचा आजार, तरी त्यात पेशी वाढत नाहीत, अनेकदा कमीच होतात. 'काउंट वाढलेला नाही, म्हणजे इन्फेक्शन नाही' हे त्यामुळे चूक.

आणि बी-१२. शुद्ध शाकाहारी, दूधही बेताचं, अशा माणसाच्या पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तिन्ही खाली आले की घर हादरतं. अशा वेळी रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, लीशमनच्या रंगात रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा. एरवी न्यूट्रोफिलच्या जांभळ्या केंद्रकाला तीन-चार खंड दिसतात, इथे पाच-सहा दिसतात. लाल पेशीही फुगून अंडाकृती झालेल्या असतात. तपासण्यांनी ही कमतरता पक्की झाली की इंजेक्शनं सुरू होतात आणि काही आठवड्यांत रक्त भरून येतं. यंत्र पेशी मोजतं आणि खूण करून सावध करतं, पण शंका आली की माणसाच्या डोळ्यांनी काचपट्टी पाहायलाच हवी.

ब्लड कॅन्सर असतो तेव्हाही भीतीनं तपासणी टाळू नका. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात आकडा लाखावर गेलेला असतो आणि माणूस चालत दवाखान्यात येतो, तक्रार काय तर डाव्या कुशीत जड वाटतं. ती वाढलेली प्लीहा. १९६० मध्ये नॉवेल आणि हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशीत एक आखूड गुणसूत्र सापडलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल होऊन ते बनतं, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्यातून निपजणाऱ्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये आली. आज यातले बहुतेक रुग्ण रोज गोळी घेऊन नोकरी-संसार करत वर्षानुवर्षं जगतात. म्हातारपणी लिम्फोसाइट वाढणाऱ्या क्रॉनिक ल्युकेमियात तर कित्येकांना बरीच वर्षं नुसत्या देखरेखीवर ठेवतात.

खरी घाई करायची ती एका ठिकाणी. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेल्या की जंतूंना अडवायला कुणी उरत नाही. पू या पेशींचाच होतो. त्याच नसल्या की गळू धरत नाही, सूज येत नाही, कित्येकदा ताप ही एकच खूण उरते. म्हणून ज्यांच्या घरी कुणाची केमोथेरपी चालू आहे, त्यांना हात जोडून सांगतो: ताप १०१ झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, रात्री दोनलाही रुग्णालय गाठा. कार्बिमॅझोलनेही क्वचित न्यूट्रोफिल अशाच घटतात, म्हणून थायरॉइड वाढल्याबद्दल ते घेणाऱ्यांनी ताप आला किंवा घसा धरला, तर ती गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी सीबीसी करून घ्यावी आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवावा.