वजन मुलाचं, जबाबदारी मोहल्ल्याची

(गडचांदूर येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आहे मुलांमधला लठ्ठपणा. तुमच्यापैकी काहींना वाटेल, जिवती-कोरपन्याच्या कोलाम-गोंड पाड्यांवर अजून कुपोषणाशी झुंज चालू असताना हा विषय कशाला? लठ्ठपणा म्हणजे पुण्या-मुंबईच्या श्रीमंत घरांतली गोष्ट, असं आपण धरून चालतो. आकडे वेगळं सांगतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये देशात पाच वर्षांखालील २.१ टक्के मुलं जास्त वजनाची होती. २०१९-२१ मध्ये ती ३.४ टक्के झाली. त्याच सर्वेक्षणात ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. म्हणजे दोन्ही प्रश्न एकाच देशात, कधी एकाच घरात नांदतात.

त्यांचा संबंध कसा, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने दाखवलं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. असं बाळ पुढे झपाट्याने वजन वाढवू लागलं, तर मधुमेहाचा धोका जास्त. म्हणून गरिबाघरच्या बारीक मुलाला या आजाराची भीती नाही, असं समजू नका.

आता आपल्या गावाकडे पाहू. कारखान्याच्या कॉलनीतल्या मुलाच्या हातात मोबाईल आहे, घरी बिस्किटं, कोल्ड्रिंक आहे. वस्तीतल्या मुलाची आई कापूस वेचायला गेलेली असते. त्याच्या हातात पाच रुपये असतात आणि टपरीवर पोंग्यांचं पाकीट टांगलेलं असतं. दोघांची मिळकत वेगळी, पाकीट एकच. फरक पुढे पडतो. कॉलनीतल्या मुलाला खेळायला मैदान मिळतं, वस्तीतल्या मुलाच्या दारासमोरून ट्रक जातात. आणि आपल्या मुली? अकरा-बाराव्या वर्षी त्यांचा खेळ बंद होतो, मग घर कॉलनीत असो की वस्तीत.

मी सॉफ्टवेअरचं काम करतो. शंभर लोक एकाच बटणावर अडखळत असतील, तर आम्ही त्या शंभरांना शिकवणी लावत नाही, स्क्रीन बदलतो. इथेही तेच करायला हवं. आईला ‘पौष्टिक द्या’ असं भाषण देणं सोपं आहे, पण ते ऐकून वागण्याइतका वेळ आणि पैसा ज्याच्याकडे आहे त्यालाच त्याचा फायदा होतो.

उत्तर फ्रान्समधल्या फ्लेरबे आणि लाव्हांती या दोन छोट्या गावांत १९९२ मध्ये शाळेतल्या आहारशिक्षणाने सुरुवात झाली. पुढे खेळ आणि हालचालीची सोय वाढली, सारं गाव त्यात उतरलं. २००४ मध्ये तिथे जास्त वजनाची मुलं ८.८ टक्के होती, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.८ टक्के. कार्यक्रम जाड मुलांना वेगळं काढून केलेला नव्हता, सगळ्यांसाठी होता. आणि त्याला बारा वर्षं लागली.

आपल्याकडे नियम आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायला बंदी केली. केंद्राच्या २०२० च्या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरमध्ये असे पदार्थ विकता येत नाहीत. पण नियम राबवायचा तर टपरीवाल्या चाचांचं पोटही पाहावं लागेल. त्यांच्याशी भांडू नका. फुटाणे, शेंगदाणे, केळी, उकडलेली अंडी ठेवायला सांगा आणि तुम्ही स्वतः तिथून घ्या.

तुमच्याकडून मला चार कामं हवी आहेत. एक, शाळेचं मैदान संध्याकाळी एक तास सगळ्या मुलांसाठी उघडं राहावं, म्हणून मुख्याध्यापक आणि नगर परिषदेकडे अर्ज करा. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं अंगमेहनतीची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन, आठवड्यातले काही दिवस मुलींसाठी ठरवा. सोबत दोन बाजी किंवा खाला बसल्या, तर आईवडील पाठवतील. तीन, वर्षातून दोनदा उंची-वजन मोजा आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या तक्त्याशी ताडून पाहा. आकडा फक्त पालकांना सांगा. ‘मोटू’ म्हणून चिडवलेलं मूल मैदानावर परत येत नाही. मूल फार बारीक निघालं तरी डॉक्टरांकडे पाठवा. चार, मदरसा, शिकवणी, लग्न, इफ्तार, जिथे मुलं जमतात तिथे आधी पाणी आणि फळं ठेवा, कोल्ड्रिंक नको.

यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतो तो रोजचा एक तास, आणि तो पुढच्या वर्षीही देणारी माणसं. मैदानाचा अर्ज मी लिहून आणला आहे. जाण्यापूर्वी त्यावर सही करा.