वसई, पॅरिस आणि घोडनदी



शिरूर आणि दौंड या तालुक्यांना भीमामाई जोडते. शिरूरला जुनी माणसे आजही घोडनदी म्हणतात. याच गावी एकेकाळी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची छावणी होती. परकी फौज महाराष्ट्राच्या ऐन मध्यभागी आली कशी? तिला निमंत्रण आपल्याच धन्याने दिले होते!

यशवंतराव होळकरांकडून पराभूत झालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. गादीच्या रक्षणासाठी कंपनीचे सहा हजार पायदळ स्वीकारले आणि त्याच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. रयतेला कोणी विचारले नाही. २० एप्रिल १८०३ रोजी आर्थर वेलस्ली पुण्यात दाखल झाला.

त्यानंतर अवघ्या दहा दिवसांनी पॅरिसमध्ये दुसरा करार झाला. फ्रान्सने लुइझियानाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलर्सना अमेरिकेला विकला. अमेरिकेचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. तेथील मूळ रहिवाशांनाही कोणी विचारले नाही. खरेदी करणारे अध्यक्ष होते टॉमस जेफरसन. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असे १७७६ च्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या या विद्वानाने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. नव्या भूमीत कापूस आणि उसाच्या मळ्यांबरोबर गुलामगिरीही पसरली. त्या पापाची किंमत अमेरिकेने १८६१ पासून चार वर्षे यादवी युद्धात रक्ताने मोजली.

दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवणे सोपे असते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरच्या छावणीतून निघालेली कंपनीची पलटण दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या सैन्याशी लढली. त्या पलटणीत अनेक महार सैनिक होते. ते परक्यांच्या बाजूने का उभे राहिले, असे विचारण्यापूर्वी गावाने त्यांना वेशीबाहेर का ठेवले होते, हे विचारण्याचे धैर्य आपल्यात हवे. महात्मा जोतीराव फुले यांनी ते धैर्य दाखविले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला.

बाजीरावाने फौज विकत घेतली, जेफरसनने भूमी. आपलीच माणसे मात्र दोघांच्याही राज्यात परकी राहिली. आपल्या गावची वेस आज खरोखर पुसली गेली आहे काय? घरी परतताना प्रत्येकाने याचे उत्तर स्वतःच्या उंबरठ्यावर शोधावे.