शीड, सरस आणि भुसा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'अमेरिकेतले अनुभव' या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. नोकरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसलो, तुमच्यातले निम्मे तेच करतात. म्हणून मी माझ्या होडीबद्दल बोलणार आहे. त्यात पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या सुतारकामाच्या सरांचा उल्लेख येईल. सर, आधीच माफी मागून ठेवतो.

मी मेरीलँडमध्ये ॲनापोलिसजवळ राहतो. तिथे चेसापीकचा उपसागर आहे, जवळजवळ 200 मैल लांब. उथळ, गढूळ आणि खेकड्यांनी भरलेला, म्हणजे आपल्या खाडीचा थोरला भाऊच. 2014 साली तिथे मी एक जुनी शिडाची होडी घेतली. 30 फुटी, फायबरग्लासची, 1978 साली बांधलेली. बऱ्यापैकी सेकंडहँड गाडीपेक्षाही स्वस्त. का स्वस्त, ते पुढे कळलं.

पाऊस आला की केबिनमधल्या बाकावर पाणी ठिबकायचं. हे पाणी कुठून येतं ते समजायला होडीची रचना थोडी सांगायला हवी. डोलकाठी 40 फूट उंच. तिला दोन्ही बाजूंनी पोलादी तारा ताणून धरतात. प्रत्येक तार खाली एका जाड पट्टीला अडकवलेली असते, तिला चेनप्लेट म्हणतात. ही पट्टी डेकमधल्या फटीतून खाली उतरते आणि केबिनमधल्या प्लायवूडच्या आडव्या भिंतीला बोल्टांनी जखडलेली असते. म्हणजे एवढी मोठी डोलकाठी उभी असते ती त्या प्लायच्या जिवावर. आणि पाणी येत होतं नेमकं त्या फटीतून.

मी काय केलं? सिलिकॉनची ट्यूब आणली आणि फट बुजवली. पुढच्या वर्षी पुन्हा बुजवली. तिसऱ्या वर्षी जुन्यावर नवीन. सिलिकॉनचा एक अवगुण असा, की एकदा ते लागलं की त्या जागी दुसरं काही नीट चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. वरून मात्र सगळं छान पांढरंशुभ्र दिसत होतं.

2017 च्या जुलैत मी आणि मुलगी दोघंच बाहेर पडलो. तिथे उन्हाळ्यात दुपारी अचानक वादळ उठतं. वारा आला, होडी एका अंगावर कलली, शीड उतरवेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गेली. मुलगी डोलकाठीच्या बुडाशी बसून दोर सोडवत होती. सुखरूप परतलो. धक्क्याला आल्यावर ती म्हणाली, "बाबा, टॉयलेटचं दार लागत नाहीये."

ते दार त्याच आडव्या भिंतीला होतं. दार लागत नाही म्हणजे भिंत हलली. मी आतली फळी काढली, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा झाला होता. आणखी पाच मिनिटं वारा राहिला असता तर डोलकाठी कुणाच्या अंगावर पडली असती, हे मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. हे मी घरी पूर्ण सांगितलं नव्हतं. बायको इथे बसली आहे, तिला आता कळलं.

दुरुस्तीचा जो आकडा सांगण्यात आला तो होडीच्या किमतीएवढा होता. म्हणून मीच करायचं ठरवलं. चार शनिवार-रविवार लागतील असा माझा हिशेब. लागले नऊ महिने.

आधी शिडाच्या दोरांनी डोलकाठी आवळून धरली आणि एका वेळी एकच बाजू सोडवली. बोल्ट असे धरलेले, की तेल सोडून, गरम करून ते निघायला तीन दिवस गेले. चेनप्लेट वर चकचकीत, खालीही चकचकीत. पण डेकच्या जाडीत जो दोन बोटं भाग लपलेला होता तिथे तपकिरी, आणि त्यात केसाएवढी चीर. स्टेनलेस स्टीललाही हवा लागते. ओल आहे आणि हवा नाही अशा जागी ते गुपचूप कुजतं. पट्ट्या नव्याने करून घेतल्या.

डेक दोन थर फायबरग्लास आणि मध्ये बाल्सा लाकूड असा होता. कुठवर सडलाय ते पाहायला प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो. आई माठ घेताना बोटाने वाजवून घ्यायची, तसंच. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कापा.

फायबरग्लास घासताना जी खाज सुटते तिचं वर्णन मी करत नाही. आठवीत खाजकुइली बाकावर कोणी टाकली होती हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तिच्या दहापट समजावी. इपॉक्सीचा पहिला घाण मी दह्याच्या डब्यात एकदम मोठा कालवला. दाट गोळा स्वतःच तापतो, हे वाचलं होतं, विसरलो. डबा हातात वितळायला लागला, धूर निघाला, मी तो धक्क्यावर भिरकावला. डाग अजून आहे.

मग मुख्य पेच. भिंतीचा पुठ्ठ्याचा नमुना केला, त्यावरून 19 मिलिमीटरचा मरीन प्लाय कापला, आणि तो केबिनच्या दारातून आत जाईना. दोन तुकडे करून आत जोडायचे, म्हणजे अर्ध्या जाडीचा सांधा. सर, तोच तुमचा. आठवीत माझ्या सांध्यात फट राहिली होती. मी भुसा आणि सरस भरून, वरून पॉलिश मारून दाखवायला आणला. तुम्ही तो बाकाच्या कडेवर एकदा आपटलात, दोन तुकडे माझ्या हातात दिलेत आणि "पुन्हा कर" म्हणालात. बास, तेवढंच. तीन वर्षं सिलिकॉन लावताना मला हे कसं आठवलं नाही, कोण जाणे.

या वेळी आधी टाकाऊ प्लायवर चार सांधे करून पाहिले. चौथा बसला. एक गंमत सांगतो. भिंत होडीच्या अंगाशी जोडताना कोपऱ्यात जे मिश्रण भरतात, त्यात इपॉक्सी आणि लाकडाची बारीक पूड असते. म्हणजे भुसा आणि सरस! फक्त ते सांध्याला टेकू म्हणून असतं, सांध्याऐवजी नाही, आणि त्यावर काचेच्या कापडाच्या पट्ट्या चढतात.

2018 च्या मे महिन्यात होडी पुन्हा पाण्यात गेली. दार लागतं. बाक कोरडा आहे.

तो चौथा सांधा मी बॅगेतून आणलाय. सकाळी चहाच्या वेळी सरांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा काढून तो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि पिशवीत ठेवला. अजून काही म्हणाले नाहीत.