कुठलं गाव तुमचं?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीनं मला सांगितलं, तुमची मोटारसायकल महिन्यातून आठ दिवस पार्किंगमध्ये नसते. ती कुठं असते ते एकदा सगळ्यांना सांगून टाका. तर सांगतो. रिटायर झाल्यापासून मी एकटा फिरतो. तिकडं माहूर, किनवट, आदिलाबाद; इकडं बिदर, गुलबर्गा; दोनदा कन्याकुमारी, एकदा अमृतसर. किलोमीटरचा हिशेब ज्यांना हवा त्यांनी नंतर भेटावं, डायरीत लिहून ठेवलाय.

लोक मला तीनच प्रश्न विचारतात. ॲव्हरेज किती देते, भीती वाटत नाही का, आणि एकटेच का जाता? ॲव्हरेज 45. भीतीचं नंतर बोलू. एकटा का जातो, तर दोघं गेले की दोघं एकमेकांशीच बोलत बसतात. टपरीवाला चहा देतो, पैसे घेतो, विषय संपला. एकटा माणूस हेल्मेट काढून बाकड्यावर बसला, की पाच मिनिटांत कुणीतरी शेजारी सरकतो आणि विचारतो, "कुठलं गाव तुमचं?" आपल्या मराठवाड्यात ही चौकशी नसते. समोरचा काहीतरी धागा शोधत असतो. लातूर म्हटलं की, "लातूरला आमचे साडू असतात की, औसा रोडला!" एकदा साडू निघाला की चहाचे पैसे तुम्हाला कुणी देऊ देत नाही.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये नांदेडला निघालो होतो. चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर मागं पडलं. माळेगाव, म्हणजे खंडोबाच्या जत्रेचं माळेगाव, अजून काही किलोमीटर लांब होतं आणि गाडीची चेन तुटली. क्लचची वायर तुटली तर माणूस कसाबसा गाव गाठतो. चेन तुटली की गाडी म्हणजे दीडशे किलो लोखंड. दिवस मावळत आलेला, मोबाइलला रेंज येऊन-जाऊन. ट्रक जोरात निघून जात होते. त्यांना मी दोष देत नाही, भरलेला ट्रक चढावर थांबवणं सोपं नसतं.

मागून एक दूधवाला आला. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लटकवलेले. थांबला. "काय झालं? कुठं निघालाव?" मग गाव विचारलं. आडनाव विचारलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. आपल्याकडं आडनाव कशासाठी विचारतात ते इथं बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी गाडीवर बसलो, त्यानं आपल्या गाडीवरून माझ्या फूटरेस्टला पाय लावला आणि मला टोचन करत माळेगावपर्यंत नेलं. कॅन हिंदकळत होते. मध्येच त्याला फोन आला. बहुतेक डेअरीचा असावा, कारण तो "येऊलालो, येऊलालो" असं दोन-तीनदा म्हणाला. एप्रिलमध्ये संध्याकाळचं दूध किती वेळ टिकतं ते घरातल्या बायकांना विचारा. माळेगावात त्यानं एका गॅरेजवाल्याला घरातून उठवून आणलं. त्यानं कंदिलासारखा एक बल्ब लावून चेनला नवीन लॉक बसवलं आणि लॉकचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. दूधवाल्याला मी शंभराच्या दोन नोटा द्यायला गेलो. त्याला राग आला. म्हणाला, "माझं पोरगं पुण्याला असतंय, गाडीवरच फिरतंय. त्याची बंद पडली तर कुणीतरी थांबावं की."

त्या दिवशीचं त्याचं दूध डेअरीनं घेतलं की परत पाठवलं, ते मला कळलं नाही.

रात्री दहाला नांदेडला पोचलो, ते सरळ सचखंड श्री हुजूर साहिबला. आपल्यापैकी बरेच जण तिथं जाऊन आलेत. दहावे गुरू गोविंदसिंगजी 1708 साली इथं गोदावरीकाठी ज्योतीत विलीन झाले, आणि पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांनी एकोणिसाव्या शतकात आजची वास्तू बांधून घेतली, हा इतिहास पाहुण्यांना आपण सांगतोच. मला सांगायचंय ते लंगरचं. रस्त्यावर गाव विचारून मदत करतात. लंगरमध्ये गावही विचारत नाहीत. रांगेत बसायचं, पुढ्यात थाळी येते, डाळ वाढणारा तुमच्याकडं नीट बघतही नाही, दुसऱ्यांदा मात्र न मागता वाढतो. माझ्या शेजारी लुधियान्याची तीन पोरं होती, तीन मोटारसायकलींवर आलेली. अमृतसरहून नांदेडला येणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमधल्या भाविकांना वाटेतल्या स्टेशनांवर लोक जेवण आणून देतात, हे ऐकलं असेल. पोरं म्हणाली, गाडीवाल्यांनाही तसंच; निम्म्या वाटेत खिशात हात घालावा लागला नाही.

आता भीतीचं. भीती वाटते. जग फार चांगलं आहे असं सांगायला मी उभा नाही. मुंबईचा योगेश आलेकरी हा तरुण 2025 साली एकटा मोटारसायकलवर लंडनला निघाला. 17 देश, सुमारे 24,000 किलोमीटर. ऑगस्टमध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या एका बागेजवळ गाडी उभी करून तो नाश्त्याला गेला आणि भर दिवसा चोरट्यांनी गाडी पळवली. कपडे, पासपोर्ट, कागदपत्रं, सगळं. बातमी पसरली तशी तिथल्या लोकांनी विचारपूस सुरू केली, कुणी राहायला बोलावलं, आणि जवळच्या मॅन्सफील्डमधल्या एका गाड्यांच्या दुकानानं त्याला तशीच दुसरी गाडी देऊन टाकली. चोरही त्याच भागातले असतील, देणारेही तिथलेच. हिशेब कुठल्या बाजूला झुकतो ते ज्यानं त्यानं ठरवावं. मी तरी दर महिन्याला गाडी बाहेर काढतो.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी पांढऱ्या केसांचा, मराठी बोलणारा पुरुष आहे. माझ्यासाठी थांबतात तसं सगळ्यांसाठी थांबत असतील असं नाही. आपल्या सी विंगमधली एक मुलगी हैदराबादपर्यंत एकटी गाडीवर गेली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "काका, तुम्हाला ‘कुठलं गाव’ विचारतात, मला आधी ‘सोबत कोण आहे’ विचारतात." पण पुढं म्हणाली, जहीराबादजवळ पाऊस लागला तेव्हा ढाबेवाल्यानं तिला बाहेर न बसवता घरात, बायकोकडं नेऊन बसवलं. पुढच्या वर्षी भाषण तिचं ठेवा.

आता शेवटचं, आणि हे कमिटीला आवडेल की नाही मला माहीत नाही.

आपण लातूरकर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा ज्यांचं आपल्याशी काही नातं नव्हतं अशी माणसं राज्यभरातून कपडे, धान्य, औषधं घेऊन आली होती. तरुणांना ते आठवत नसेल, पण 2016 तर आठवतंय ना? मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावायची वेळ आली. आपल्या सोसायटीत एका घराला किती घागरी, याची यादी जिन्यात चिकटवलेली होती. मग एप्रिलच्या 12 तारखेला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं 50 वाघिण्यांच्या गाड्या यायला लागल्या. मिरजेचं ते कृष्णेचं पाणी आपण प्यायलो. तिथल्या कुणाला आपण ओळखत होतो?

आपल्या गेटबाहेर भिंतीला लागून पाण्याचा माठ आहे. पार्सलवाली पोरं, रद्दीवाले, समोरच्या साइटवरचे मजूर तिथं पाणी पितात. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा माठ काढायचा विषय आहे. माठापाशी बाहेरची माणसं घुटमळतात, चिखल होतो, सुरक्षेचा प्रश्न येतो, असं अर्जात म्हटलंय. चिखल होतो हे खरं आहे. सुरक्षेचं म्हणाल तर वॉचमन आहे, कॅमेरा आहे, वहीत नाव लिहिल्याशिवाय कुणी आत येत नाही; हे सगळं राहू द्या, मी त्याच्या विरोधात नाही. माठ गेटच्या बाहेर आहे.

मी सभेत माठाच्या बाजूनं हात वर करणार आहे. चिखलासाठी खाली फरशी घालून एक छोटी नाली काढली तर काम होईल, प्लंबरला दाखवून ठेवलंय. तोटीही गळतेय. नवीन आणलीये, माझ्याकडं पडून आहे, रविवारी सकाळी बसवायला कुणीतरी पाना घेऊन खाली या.

जेवण तयार आहे असा इशारा मागून आलाय. चला.