मासा वर कुठून जाईल?



सावंगी (मेघे) मध्ये माशांवर भाषण, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण हा प्रश्न मला इथल्याच नदीकाठी पडला.

इंजिनिअरिंगला असताना मी एका बंधाऱ्याचा आराखडा केला होता. पाया, पूर, दारं, सगळा हिशेब चोख. तो घेऊन नदीवर गेलो, तर जाळं सुकवणाऱ्या एका ढिवर काकांनी विचारलं, "भाऊ, मासोयी वर कुठून जाईन?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आराखड्यात मासाच नव्हता.

पहिल्या पुरात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, अंडी घालायला. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. आपल्या धामचं पाणी वणा, वर्धा, प्राणहिता करत गोदावरीला मिळतं. त्याच गोदावरीत समुद्रातून हिलसा चढतो. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात. तिथे धवळेश्वरमला ऑर्थर कॉटन यांचा बंधारा 1852 मध्ये पूर्ण झाला. त्याने लाखोंची शेती भिजली, पण हिलशाची वाट अडली. गंगेतही तेच झालं. पूर्वी अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा 1975 मध्ये फरक्का बराज सुरू झाल्यावर वरच्या भागात जवळपास दिसेनासा झाला.

यावर उपाय आहे: मत्स्यमार्ग. बंधाऱ्याच्या बाजूने पाण्याच्या पायऱ्या करायच्या. पण अमेरिकेतला सामन उड्या मारतो, आपला रोहू किंवा हिलसा तसा नाही. म्हणून नक्कल चालत नाही, हिशेब करावा लागतो. एका पायरीला 30 सेंमी उतार दिला तर पाणी सेकंदाला सुमारे 2.4 मीटर वेगाने येतं. 15 सेंमी ठेवला तर 1.7 मीटर. म्हणजे 3 मीटर उंच बंधाऱ्याला 15 सेंमीच्या 20 पायऱ्या लागतात, आणि दोन पायऱ्यांमध्ये मासा दम खाईल इतकं शांत पाणी लागतं. मार्गाचं तोंड भिंतीच्या अगदी जवळ हवं आणि तिथून येणारी धार माशाला जाणवेल इतकी जोरदार हवी. नाहीतर मासा भिंतीवर डोकं आपटत राहतो आणि मार्ग रिकामा पडतो.

जागा असेल तर पायऱ्यांऐवजी वळणावळणाचा ओढाच काढता येतो. ब्राझील-पॅराग्वेच्या सीमेवरच्या इताइपू धरणाला असा सुमारे 10 किलोमीटरचा मार्ग आहे.

आपल्याकडे तर एक सोपी गोष्ट हाताशी आहे. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढायचे असतात. ते वेळेवर निघाले तर चढणीची वाट आपोआप मोकळी होते, खर्च जवळपास शून्य. ते अडकून राहिले तर पहिला पूर वाया जातो, आणि त्या वर्षीची पिल्लंही.

बंधारे नकोत असं मी म्हणत नाही. शेतकऱ्याला पाणी हवंच. पण वर पाणी अडवलं की खालच्या ढिवराची ताटली रिकामी होते, आणि बैठकीत त्याला कुणी बोलावत नाही. ज्याचं नुकसान होणार, त्याला आधी विचारावं, एवढंच.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत उठून दोन प्रश्न विचारा: बरगे कधी काढणार? आणि नवीन बंधारा होणार असेल, तर मासा वर कुठून जाईल? उत्तर कागदावर मागा. सिमेंट ओतल्यावर विचारून उपयोग नाही.