प्रेक्षकाचा अधिकार आणि प्रेक्षकाची जबाबदारी

(वर्षावासातील प्रवचनमालेच्या निमित्ताने एका वकील बांधवाने विहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागील महिन्यात आपल्या वस्तीतील तरुणांनी वाचनालयाच्या खोलीत 'फायर' हा चित्रपट दाखविला, हे आपणां सर्वांस ठाऊकच आहे. दोन स्त्रियांच्या परस्परांवरील प्रेमाची ती कथा. चित्रपट निम्मा झाला नाही तोच काही मंडळी उठून गेली. मागे बसलेली मुले मोठमोठ्याने हसत होती. एक वृद्ध गृहस्थ संयोजकांवर संतापले व म्हणाले, "विहाराशेजारी हे काय दाखविता?" काही भगिनी मात्र शेवटपर्यंत जागच्या हालल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वस्तीत वाद सुरू झाला व त्यावर कायद्याच्या जाणकाराने दोन शब्द बोलावे, असे मला सांगण्यात आले. चित्रपट चांगला की वाईट, याचा निवाडा करण्यास मी उभा नाही. चित्रपट पाहणाऱ्यांनी काय केले, आणि त्याचा परिणाम कोणावर झाला, एवढाच माझा आजचा विषय आहे.

जे मधूनच उठून गेले, त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. दीपा मेहता यांनी १९९६ साली हा चित्रपट केला. दिल्लीतील एक एकत्र कुटुंब; खाद्यपदार्थांचे व व्हिडिओ फितींचे दुकान हा त्यांचा व्यवसाय. थोरली सून राधा हिला मूल होत नाही. तिचा पती एका स्वामीच्या नादी लागून ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन बसला आहे व आपला संयम तपासून पाहण्यासाठी तो पत्नीचा उपयोग करतो. धाकटी सून सीता नवी नवरी आहे. तिच्या पतीचे दुसऱ्या स्त्रीशी संबंध आहेत आणि तो ते लपवीतही नाही. या घरात त्या दोघी एकमेकींचा आधार होतात, व त्या आधारातून प्रेम उत्पन्न होते. राधेचे काम शबाना आझमी यांनी व सीतेचे नंदिता दास यांनी केले आहे.

आपल्या खोलीत जे घडले ते नवे नव्हते. नियंत्रण मंडळाने हा चित्रपट प्रौढांसाठी म्हणून मान्य केला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तो आपल्या देशात प्रदर्शित झाला. हिंदी आवृत्तीत सीतेचे नाव तेवढे बदलून नीता करण्यात आले. जवळजवळ तीन आठवडे लोकांनी तिकिटे काढून तो शांतपणे पाहिला. नंतर २ डिसेंबर रोजी मुंबईत गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसेनेचे कार्यकर्ते घुसले. काचा फोडल्या, जाहिराती जाळल्या व खेळ बंद पाडला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहात तसाच प्रकार झाला. राज्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी या मंडळींचे जाहीर अभिनंदन केले आणि चित्रपटाचा विषय आपल्या संस्कृतीस परका असल्याचे सांगितले. ज्यांच्याकडे कायद्याचे रक्षण सोपविले होते, त्यांनीच कायदा मोडणाऱ्यांची पाठ थोपटली! केंद्र सरकारने चित्रपट पुन्हा नियंत्रण मंडळाकडे धाडला. दिग्दर्शिका, दिलीपकुमार व इतर काहीजण संरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा दिलीपकुमारांच्या घरापुढे अर्धनग्न निदर्शने करण्यात आली. अखेर फेब्रुवारी १९९९ मध्ये मंडळाने एकही दृश्य न कापता चित्रपट दुसऱ्यांदा मान्य केला आणि तो पुन्हा पडद्यावर आला.

त्या वेळी विरोधकांनी मांडलेले तीन मुद्दे क्रमाने तपासून पाहू.

पहिला मुद्दा नावांचा. राधा व सीता ही नावे दिल्याने धर्मभावना दुखावल्या, असे म्हणण्यात आले. पात्रांना मुसलमान नावे दिल्यास विरोध मागे घेऊ, अशा आशयाचे उद्गारही शिवसेनाप्रमुखांनी काढल्याचे त्या काळी प्रसिद्ध झाले. यावरून भावना किती खोल दुखावल्या होत्या, हे आपणच ठरवा. पण आपणांस यात एक जुनी ओळख पटली पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांचा 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा राम व कृष्ण यांवरील प्रकरण गाळा, आमच्या भावना दुखावल्या, हीच मागणी झाली होती. ते प्रकरण राहावे यासाठी १९८८ साली मुंबईच्या रस्त्यांवर आपले लक्षावधी लोक उतरले. दुखावलेल्या भावनेपुढे लिहिणाऱ्याने लेखणी ठेवावी, हे तत्त्व त्या दिवशी आपण नाकारले. ते दुसऱ्याच्या बाबतीत स्वीकारता येणार नाही.

दुसरा मुद्दा संस्कृतीचा. 'हे आपल्यात नाही.' बंधु-भगिनींनो, येथे बसलेल्या पुष्कळांच्या घरी दीक्षा घेऊन अद्याप दोन-तीन वर्षेही लोटली नाहीत. देव्हारा उतरविला, त्या दिवशी शेजाऱ्यांनी व नातलगांनी आपणांस काय ऐकविले, ते आठवा. 'हे आपल्यात नाही', हेच ते वाक्य होते. आपण ते ऐकून घेतले आणि आपल्या बुद्धीला पटले ते केले. मग तेच वाक्य आपल्या तोंडून दुसऱ्यासाठी इतक्या सहज कसे निघाले?

तिसरा मुद्दा विवाहसंस्थेचा. स्त्रियांना एकमेकींपासून सुख मिळू लागले तर विवाहसंस्थाच मोडेल, अशी भीती काही भगिनींनीही त्या वेळी व्यक्त केली होती. परंतु चित्रपटातील ते घर अगोदरच कोणी मोडले होते? थोरल्याने पत्नीला दगडासारखे वागविले. धाकटा उघडपणे दुसरीकडे जात होता. आपल्या खोलीतही धाकट्या पतीच्या त्या वर्तनावर कोणी उठून गेले नाही. त्या प्रसंगी कोणी संतापले नाही. मागची मुले तर त्यालाही हसली. संताप झाला तो केवळ स्त्रियांच्या वेळी. हा पक्षपात आहे, व तो आपल्या मनुस्मृती जाळणाऱ्या परंपरेला शोभणारा नाही.

आता कायदा. चित्रपट आवडला नाही तर उठून जाण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. त्यावर टीका करा, पत्रके काढा, सभा घ्या, शांततेने निदर्शने करा. हे सर्व अधिकार संविधानाने दिले आहेत. परंतु शेजारच्या खुर्चीवरील माणसाला तो पाहू न देण्याचा अधिकार कोणासही नाही. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रंगराजन यांच्या खटल्यात सांगितले. तो खटला कोणत्या चित्रपटाचा होता, ते मी आपणांपासून लपविणार नाही. 'ओरे ओरु ग्रामथिले' हा तो तमिळ चित्रपट, आणि त्यात जातीवर आधारलेल्या राखीव जागांवर टीका होती! मद्रास उच्च न्यायालयाने त्याचे प्रमाणपत्र रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला व म्हटले की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे विचारस्वातंत्र्य दडपता येणार नाही. त्याचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. म्हणजे आपल्याला बोचणाऱ्या चित्रपटालाही याच नियमाने संरक्षण मिळाले. महाविद्यालयात हा निकाल मी प्रथम वाचला तेव्हा मला राग आला होता. पुढे वकिली करताना उमगले की, जो नियम आपल्या विरोधकाला वाचवीत नाही, तो वेळ आली असता आपल्यालाही वाचविणार नाही.

बाबासाहेबांनी वकील म्हणून काय केले, तेही ध्यानात ठेवा. 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर, वाचकांच्या कामजीवनाविषयीच्या प्रश्नांना छापील उत्तरे दिल्याबद्दल, अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले. त्यात अस्पृश्यांचा प्रश्न नव्हता आणि लोकप्रियता तर मुळीच नव्हती. खटल्याचा निकाल विरुद्ध गेला व कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तरीही ज्या विषयाचे नाव घेण्यास समाज लाजतो, त्याचे ज्ञान देणाऱ्याची बाजू बाबासाहेबांनी घेतली होती, ही गोष्ट उरतेच.

'पण अशा संबंधांना कायदाच गुन्हा मानतो ना?' असेही मला विचारण्यात आले. आता मानीत नाही. इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ मुळे हा गुन्हा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ साली प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते कलम दूर केले; २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उलटविला; आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने असे संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत तर ते कलमच नाही. विवाहाचा हक्क मात्र न्यायालयाने २०२३ साली मान्य केला नाही. २००९ व २०१८ या दोन्ही निकालांत ज्या तत्त्वाचा आधार घेतला, ते तत्त्व आहे सांविधानिक नीतीचे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ते सभागृहापुढे ठेवले होते. ही नीती माणसात उपजत नसते, ती प्रयत्नाने जोपासावी लागते, असा त्यांचा इशारा होता. बहुसंख्यांना आज काय रुचते, यावर एखाद्याचे माणूसपण अवलंबून ठेवता येत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही वकील करतो. अस्पृश्यता बहुसंख्यांना रुचतच होती!

त्या दिवशी संतापलेल्या वृद्ध गृहस्थांनी नंतर मला गाठून एक योग्य प्रश्न विचारला. "वकीलसाहेब, व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आम्ही घेतली. काममिथ्याचारापासून विरत राहण्याचे शील आम्ही रोज म्हणतो. त्याचे काय?" मी म्हणालो, "बाबा, प्रश्न खरा आहे. त्या दोघी विवाहित होत्या, तेव्हा पतीशी प्रतारणा झाली की नाही, याची चर्चा अवश्य करा. पण ती करताना धाकट्या पतीलाही त्याच पंक्तीत बसवा. फसवणूक, बळजबरी, दुसऱ्याला दुःख देणे, यांपासून शील आपल्याला आवरते, असे मी समजतो. दोन स्त्रियांचे किंवा दोन पुरुषांचे प्रेम तेवढ्यानेच शीलभंग ठरते, असे मी म्हणणार नाही." ते गप्प राहिले. त्यांना पटले, असा माझा दावा नाही. पण आज ते पुढच्या रांगेत बसले आहेत, याचा मला आनंद वाटतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. काही काळापूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. ओळख पटेल असा तपशील मी गाळतो. आपल्यासारखेच दीक्षा घेतलेले, मुलीला कष्टाने शिकविलेले. मुलगी सज्ञान, नोकरी करणारी. ती घर सोडून मैत्रिणीजवळ राहावयास गेली होती. "वकीलसाहेब, पोरीला परत आणण्याचा काही कायदा आहे का? त्या दुसऱ्या मुलीवर पळवून नेल्याची फिर्याद करता येईल का?" मी सांगितले, "दादा, सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध घरी आणण्याचा कायदा नाही. आणि खोटी फिर्याद केलीत तर तुम्हीच अडचणीत याल." ते पुष्कळ वेळ खाली पाहत बसले. मग म्हणाले, "तिच्यावर माझा राग नाही हो. पण लोक काय म्हणतील?" मी विचारले, "तिने तुम्हांला आधी कधी सांगितले नव्हते?" ते म्हणाले, "एकदा घरात टीव्हीवर असलेच काही लागले होते. आम्ही सगळे हसलो. ती उठून आत गेली. तेवढेच."

बंधु-भगिनींनो, 'लोक काय म्हणतील' यातले लोक म्हणजे आपण आहोत. वाचनालयाच्या खोलीत हसणारे आपण, उठून जाणारे आपण. पडद्यावरच्या राधेला व सीतेला आपल्या हसण्याने काही झाले नाही. पण आपल्या शेजारी बसलेल्या एखाद्या मुलाला वा मुलीला, या घरात आपल्याला तोंड उघडता येईल की नाही, याचे उत्तर त्या हसण्यातून मिळाले असेल. १९९८ साली डिसेंबरमध्ये दिल्लीच्या रीगलबाहेर मेणबत्त्या घेऊन निषेध झाला, तेव्हा विचारस्वातंत्र्याच्या फलकांबरोबर 'आम्ही भारतीय आहोत आणि समलिंगीही आहोत' अशा अर्थाचा फलक काही स्त्रियांनी धरला होता. चित्रपटाच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकीही काहींना तो शब्द उच्चारू नये, केवळ स्वातंत्र्याचेच बोलावे, असे वाटत होते. आपले नाव वगळून आपली बाजू मांडली जाते, तेव्हा कसे वाटते, हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही.

म्हणून माझी विनंती थोडी आहे. ज्यांना असे चित्रपट पाहवत नाहीत, त्यांनी खुशाल उठून जावे. पण पाहणाऱ्यांना अडवू नये व दाखविणाऱ्या तरुणांना धमकावू नये. ज्यांना हसू येते, त्यांनी आपल्या घरातील मुलांची तोंडे एकवार पाहून घ्यावी. आणि आई-बापांनो, तुमच्या लेकराने कधी काही सांगितले, तर वकिलाकडे येण्याच्या आधी त्याच्याजवळ बसा.

ते गृहस्थ पुढे मुलीला भेटून आले. घरी परतली नाही, पण आता दर रविवारी फोन करते, असे त्यांनी मला सांगितले. फिर्याद आम्ही केली नाही.

इतके बोलून मी आपली रजा घेतो. जय भीम.